आरशातले दिवे

जून महिन्याच्या मध्यावर, बहुतेक वर्षी, एका शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता गोव्यातल्या आमच्या साखळीच्या घरात टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडल्या जातात आणि त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातपर्यंत तिथून हलत नाहीत. एक खुर्ची माझी, दुसरी बाबांची. बाहेर पाऊस धरलेला असतो, वीज दोनतीनदा तरी जाते, इन्व्हर्टरवर पंखा बंद ठेवून टीव्ही चालवावा लागतो, आणि आई रात्री दहा वाजता आम्हा दोघांना आमच्या नशिबावर सोडून झोपायला जाते. फ्रान्समधल्या ल माँ गावी त्या वेळी दुपारचे चार वाजलेले असतात आणि साठाहून अधिक गाड्यांची चोवीस तासांची शर्यत सुरू होत असते. तिथे रात्र पडते तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो, आणि आमच्याकडे पेजेची वेळ जवळ येते तेव्हा तिथे उजाडू लागते. बाबा मिठात घातलेल्या तोरांबरोबर, म्हणजे कैऱ्यांबरोबर, पेज जेवतात आणि मी त्यांना गेल्या तासात काय घडले ते सांगते, कारण पहाटेचे दोनतीन तास ते खुर्चीतच झोपलेले असतात.

बाबा कदंब महामंडळाच्या बसवर चालक होते. साखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, रायबंदर, पणजी हा त्यांचा अनेक वर्षांचा मार्ग. मोटारींच्या शर्यती त्यांनी निवृत्त होईपर्यंत कधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्या पाहण्याची ओढ मलाही फार उशिरा, २०१२ साली लागली. त्या वर्षी करुण चंढोक ल माँला उतरणार अशी बातमी वाचली आणि केवळ आपला माणूस म्हणून मी संगणकावर, कोणती गाडी कितव्या क्रमांकावर आहे हे क्षणोक्षणी दाखवणारा वेळेचा तक्ता उघडून बसले. त्याआधी, २००९ मध्ये, नारायण कार्तिकेयन तिथे ऑडी चालवण्यासाठी पोहोचले होते, पण शर्यतीच्या तोंडावर खांदा निखळल्यामुळे त्यांना उतरता आले नव्हते. चंढोक मात्र उतरले, आणि डेव्हिड ब्रॅबम व पीटर डम्ब्रेक यांच्यासह त्यांची गाडी एकूण क्रमवारीत सहावी आली. त्या रात्री त्या तक्त्यात मला प्रथम जे खटकले आणि मग जे सुटेनासे झाले, ते असे, की त्यात पहिला क्रमांक एकच नव्हता. यादीच्या पंचविसाव्या, तिसाव्या ओळीवरही कुणीतरी ‘पहिला’ होता.

बहुवर्गीय शर्यतीचे हे मूळ आहे. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, एकाच घड्याळाखाली तीन वेगवेगळ्या शर्यती चाललेल्या असतात. सर्वांत वर हायपरकार, म्हणजे केवळ शर्यतीसाठी घडवलेली, हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटून राहणारी, बहुतेक वेळा विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी. तिचे किमान वजन १०३० किलो आणि शक्ती ५०० किलोवॉट, म्हणजे सुमारे ६८० अश्वशक्ती इतकी मर्यादित. त्याखाली एलएमपी-२. हीसुद्धा प्रोटोटाइपच, म्हणजे केवळ शर्यतीसाठी घडवलेली, पण खासगी संघांना परवडावी म्हणून साधी ठेवलेली, सगळ्यांना गिब्सन कंपनीचे तेच ४.२ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि जवळजवळ सगळ्यांकडे ओरेका कंपनीची तीच चौकट. आणि सर्वांत खाली एलएमजीटी-३, म्हणजे जिच्या भाऊबंद गाड्या पैसेवाल्यांच्या अंगणात उभ्या असतात अशा पोर्शे, फेरारी, कॉर्व्हेट, ॲस्टन मार्टिन, बीएमडब्ल्यू यांची शर्यतीसाठी केलेली रूपे. २०२४ पासून हा वर्ग ल माँला आला. त्याआधी त्याच्या जागी जीटीई नावाचा वर्ग होता, आणि हायपरकारच्या जागी २०२० पर्यंत एलएमपी-१ होता. नावे बदलतात. वर वेगवान, खाली संथ, आणि दोघांना एकच रस्ता, ही रचना मात्र बदललेली नाही.

‘संथ’ हा शब्द इथे सांभाळून वापरायला हवा. ल माँचा मार्ग १३.६२६ किलोमीटरचा आहे. हायपरकार शर्यतीच्या ओघात तो साडेतीन मिनिटांच्या आसपास पार करते आणि जीटी-३ गाडी चार मिनिटांच्या आसपास. एका फेरीत अर्ध्या मिनिटाचा फरक. मी एकदा कागदावर ढोबळ हिशेब मांडला होता. थांबे, पाऊस, अपघात हे सारे बाजूला ठेवले तर एक हायपरकार एका जीटी-३ गाडीला दर अठ्ठावीस मिनिटांनी एकदा ओलांडते, म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ पन्नास वेळा. वीस हायपरकार धरल्या तर त्या एका जीटी-३ गाडीतल्या चालकांनी मिळून हजार वेळा आपल्याला ओलांडू द्यायचे असते. एलएमपी-२ गाड्या वेगळ्याच. हा हजाराचा आकडा मी बाबांना वाचून दाखवला तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “म्हणजे त्याचा अर्धा वेळ आरशात जात असणार.”

हे वाक्य रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचू शकते. बाबांच्या नोकरीची बरीच वर्षे आमच्या भागातल्या खाणी भरात असतानाची होती. पावसाळा संपला की खनिज घेऊन जाणारे टिप्पर रस्त्यावर उतरत, खाणीपासून नदीकाठच्या जेटीपर्यंत, आणि पुन्हा रिकामे खाणीकडे. टिप्परवाल्याला पैसे खेपेवर मिळत, त्यामुळे दिवसाला जितक्या अधिक खेपा तितकी अधिक कमाई. रस्त्याकडेच्या आंब्याच्या पानांचा मूळ रंग पाऊस आला की मगच दिसत असे. त्या लाल धुळीतून त्याच रस्त्यावर पहाटे पाव घेऊन निघालेला पोदेर आपल्या सायकलीवर भोंपू वाजवत असे, मागे गिऱ्हाईक बसवलेला पायलट आपल्या मोटारसायकलीवर असे, शाळेची मुले असत, म्हशी असत, आणि पन्नास माणसे भरलेली बाबांची बस असे. प्रत्येकाचा वेग निराळा, प्रत्येकाची घाई निराळी, आणि रस्ता एकच, तोही अरुंद.

मी बाबांकडूनच गाडी चालवायला शिकले, जुन्या मारुतीवर. शिकत असतानाच्या एका सकाळी आमोण्याच्या अलीकडे माझ्या मागे एक भरलेला टिप्पर लागला. आरशात त्याचे दिवे दिसले, मग हॉर्न, मग पुन्हा हॉर्न. मी घाबरून गाडी डावीकडे घेतली. तिथे रस्त्याची कड तुटलेली होती, म्हणून तितक्याच घाईने पुन्हा उजवीकडे आले. आणि नेमक्या त्याच क्षणी, मी वाट दिली असे समजून, टिप्पर पुढे निघाला होता. त्याच्या ब्रेकचा आवाज मला आजही ऐकू येतो. कुणाला काही झाले नाही. टिप्परचा चालक खिडकीतून काहीतरी ओरडला आणि निघून गेला. मला वाटले बाबा त्याला बोल लावतील, कारण चूक त्या राक्षसाचीच आहे अशी माझी खात्री होती. बाबांनी मला गाडी बाजूला लावायला सांगितली, पाणी प्यायला दिले आणि शांतपणे म्हणाले, “तुजी लायन सोडूं नाका.” मग बराच वेळ ते मला समजावत राहिले. मागून येणारा तुझ्यापेक्षा वेगात आहे, तेव्हा पुढे कधी आणि कुठून जायचे हे त्याने ठरवायचे. ते त्याचे काम. तुझे काम इतकेच, की तू पुढच्या क्षणी कुठे असशील हे त्याला आताच कळले पाहिजे. तू मध्येच दया दाखवलीस, वाट द्यायला म्हणून अचानक सरकलीस, तर तू त्याचा हिशेब मोडतेस, आणि मोडलेल्या हिशेबाने माणसे मरतात.

पुढे काही वर्षांनी मी शर्यतीतल्या चालकांच्या मुलाखती वाचू लागले तेव्हा नवख्या जीटी चालकाला दिला जाणारा पहिला धडा हाच असल्याचे पाहून मी थक्क झाले. आपली ओळ धरून राहा, नेहमी जिथे ब्रेक लावतोस तिथेच लाव, नेहमी जसा वळतोस तसाच वळ. निळा झेंडा दिसला तर तो मागे वेगवान गाडी असल्याची जाणीव देण्यासाठी असतो, घाबरून रस्ता सोडण्यासाठी नव्हे. कित्येक वर्षे जीटी गाड्यांचे पुढचे दिवे पिवळे आणि प्रोटोटाइपचे पांढरे ठेवले जात. त्यामुळे रात्री आरशात पांढरे दिवे वाढताना दिसले की मागून दुसऱ्या जगातले कुणी येत आहे हे ओळखता येई, आणि पिवळे दिसले तर तो आपल्याच वर्गातला, म्हणजे ज्याला अडवायचे तो. एकाच आरशात एका रंगासाठी सौजन्य आणि दुसऱ्यासाठी झुंज. ही निवड चालकाला निमिषात करावी लागते, रात्री तीन वाजता, पावसात, आणि तीही शेकडो वेळा.

ओलांडणाऱ्याचे गणितही सोपे नसते. हायपरकारचा खरा फायदा वळणांत असतो. हवेच्या दाबामुळे ती अशा वेगाने वळते की त्या वेगात जीटी गाडी रस्त्यावर टिकणारच नाही. त्यामुळे वळणाच्या तोंडाशी पुढे जीटी गाडी असेल तर मागच्याला दोनच पर्याय राहतात. ब्रेक लावण्याच्या आत शेजारून निघून जायचे, किंवा तिच्या मागे राहून ते वळण तिच्या वेगाने घ्यायचे आणि दीडदोन सेकंद गमवायचे. हे दीडदोन सेकंद कुणी सहन करतो, कुणी करत नाही. ज्या चालकाला मोठे म्हणावे तो मला तरी यातच दिसतो. जीटीमागे कुठल्या वळणावर थांबायचे हे ज्याला कळते, तो चोवीस तासांच्या अखेरीस पुढे असतो. बाबाही रायबंदरच्या बांधावर, जिथे सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेल्या त्या लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आणि मिठागरे आहेत, तिथे पुढे सायकलवाला असला तर हॉर्नला हात लावत नसत. समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत मागे राहत, आणि बसमधल्या कुणी घाई केली तर मागे वळूनही पाहत नसत.

ज्यांनी थांबायचे नाकारले किंवा ज्यांचा अंदाज चुकला, त्यांच्या कथा ल माँच्या इतिहासात दरवर्षी भर घालतात. २०११ मध्ये ऑडीच्या तीन गाड्या होत्या. त्यांपैकी ॲलन मॅकनिश यांची गाडी पहिल्याच तासात एका जीटी फेरारीला लागून कठड्यावर आदळली, आणि रात्री माइक रॉकेनफेलर यांची गाडी दुसऱ्या एका फेरारीला ओलांडताना अशी फुटली की मागे केवळ चालक बसतो तो सांगाडा उरला. दोघेही बचावले, ही त्या सांगाड्याच्या मजबुतीची करणी. उरलेल्या एकमेव ऑडीने चोवीस तासांनंतर पूझोला चौदा सेकंदांहूनही कमी अंतराने हरवले. मी पाहिलेल्या पहिल्या शर्यतीत, २०१२ मध्ये, अँथनी डेव्हिडसन यांची टोयोटा मुल्सानच्या लांब सरळ रस्त्याच्या शेवटी एका जीटी फेरारीला ओलांडत असताना दोन्ही गाड्या एकमेकींना लागल्या. टोयोटा हवेत उडाली, उलटली आणि टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. डेव्हिडसन यांच्या पाठीचे दोन मणके मोडले. संगणकावरच्या तक्त्यात मला फक्त एवढेच दिसले होते, की एक ओळ पुढे सरकायची थांबली. दुसऱ्या दिवशी चित्रफीत पाहिली आणि आमोण्याच्या अलीकडचा तो ब्रेकचा आवाज परत कानात आला.

त्याच शर्यतीत आणखी एक गाडी होती, जी कुठल्याच वर्गात बसत नव्हती. ल माँचे आयोजक ‘गराज ५६’ नावाची एक जागा नव्या कल्पनेच्या गाडीसाठी राखून ठेवतात. ती धावते, पण कुणाशी स्पर्धा करत नाही. २०१२ मध्ये तिथे डेल्टाविंग आली, पुढून बाणासारखी निमुळती, इतरांच्या जवळजवळ निम्म्या वजनाची आणि निम्म्या शक्तीची. अपघातानंतर सगळ्यांचा वेग आवरायला पुढे धावणारी सुरक्षा गाडी आत गेल्यानंतर थोड्याच वेळात पोर्शे वळणांत टोयोटाच्या दुसऱ्या गाडीचा तिला धक्का लागला आणि ती भिंतीवर गेली. नियम असा, की पिटच्या, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या जागेच्या, बाहेर गाडीला हात फक्त चालकाने लावायचा. सातोशी मोतोयामा सुमारे दीड तास रस्त्याकडेला त्या मोडक्या गाडीशी झटत राहिले. तंत्रज्ञ कुंपणापलीकडून ओरडून काय करायचे ते सांगत होते, आणि त्यांना गाडीला हात लावता येत नव्हता. शेवटी गाडी चालू झाली नाही. तिच्या वाट्याला ना क्रमांक होता ना चषक. तरीही तो माणूस दीड तास वाकून होता. हे दृश्य मी बाबांना पुढे कितीतरी वर्षांनी दाखवले, आणि मला वाटते बाबा या शर्यतीचे झाले ते त्या दृश्यामुळे.

वर्गवारी हा काही नंतर सुचलेला सोयीचा मार्ग नाही, ती या शर्यतीच्या जन्मापासून तिच्यात आहे. २६ आणि २७ मे १९२३ रोजी पहिली शर्यत झाली तेव्हा तेहतीस गाड्या निघाल्या. शेनार-वॉकर गाडीवर आंद्रे लागाश आणि रेने लेओनार यांनी सर्वांत अधिक, २२०९ किलोमीटर अंतर कापले. पण आयोजकांना हवा होता तो वेगळाच हिशेब. प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनाच्या आकारानुसार एक किमान अंतर ठरवून दिलेले असे आणि त्या तुलनेत ती किती पुढे गेली हे पाहिले जाई. लहान इंजिनाच्या गाडीने मोठ्या गाडीला हरवायचे असेल तर तिच्यापुढे धावण्याची गरज नव्हती. आपल्या मापाने अधिक धावणे पुरेसे होते. मोटार ही रोजच्या रस्त्यावर, रात्री, आपल्या दिव्यांच्या उजेडात टिकते का, हा तिथला मूळ प्रश्न होता, आणि रोजच्या रस्त्यावर तर सगळ्याच मापाच्या गाड्या असतात. आजही त्या मार्गाचा मोठा भाग एरवी सार्वजनिक रस्ता आहे. जवळजवळ सहा किलोमीटरच्या ज्या सरळ रस्त्यावर १९८८ मध्ये एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला होता आणि ज्याच्यावर पुढे १९९० मध्ये दोन आडवळणे घातली गेली, त्याच रस्त्यावरून वर्षभर मालवाहू ट्रक आणि शेतकऱ्यांच्या गाड्या जातात. बाबांना हे कळल्यावर त्यांनी ताबडतोब विचारले होते, “मग त्या दिवशी तिथल्या बसा कुठून वळवतात?”

वर्ग नसते तर किती नावे इतिहासातून गळून गेली असती, याचा विचार मी वारंवार करते, आणि इथे माझा जीव विशेष गुंततो. १९३२ मध्ये ओदेत सिको या बाईंनी अल्फा रोमिओ चालवत एकूण चौथा क्रमांक मिळवला आणि दोन लिटरचा वर्ग जिंकला. ल माँला एखाद्या स्त्रीचा एकूण क्रमवारीतला त्याहून वरचा क्रमांक आजवर नाही. १९७५ मध्ये क्रिस्तीन दाक्रमाँ, मारियान होप्फनेर आणि मिशेल मूतों या तिघींनी मिळून दोन लिटरचा प्रोटोटाइप वर्ग जिंकला. २०२३ मध्ये सारा बोव्ही, मिशेल गॅटिंग आणि राहेल फ्राय या ‘आयर्न डेम्स’ संघाच्या तिघींनी बहरीनच्या आठ तासांच्या शर्यतीत जीटीई हौशी वर्ग जिंकला. ल माँही जिचा भाग आहे त्या जागतिक मालिकेत केवळ स्त्रियांच्या संघाने मिळवलेला तो पहिला वर्गविजय. त्या दिवशी एकूण क्रमवारीत त्यांच्या पुढे कितीतरी गाड्या होत्या. त्याने त्यांच्या विजयातले काही कमी झाले असे मला एक क्षणही वाटले नाही. पणजीला नोकरीला जाताना रोज सकाळी माझ्या पुढून मोठमोठ्या गाड्या निघून जातात, त्यांच्याशी माझी शर्यत नसते.

चालकांचीही प्रतवारी असते, आणि ही गोष्ट अनेक जाणत्या प्रेक्षकांना रुचत नाही. वरून खाली प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ अशा चार पायऱ्या आहेत. एलएमजीटी-३ च्या प्रत्येक संघात किमान एक ब्रॉन्झ चालक असावाच लागतो. हा बहुधा दुसरा एखादा व्यवसाय करणारा, पन्नाशीच्या आसपास पोहोचलेला, स्वतःच्या पैशाने या वेडात उतरलेला माणूस. त्याने ठरावीक किमान वेळ गाडी चालवावीच लागते, संघातल्या कसलेल्या चालकांवर सारे सोपवून त्याला पिटमध्ये बसून राहता येत नाही. टीका अशी होते, की पैसेवाल्यांनी जागतिक शर्यतीत जागा विकत घेतली. मला ते पटत नाही. ज्या माणसाने रात्रीच्या अंधारात आपल्या आरशात वाढणाऱ्या पांढऱ्या दिव्यांसमोर आपली ओळ धरून ठेवली, त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, मग त्याची फेरी संघातल्या कसलेल्या चालकापेक्षा कितीही संथ असो. २०२४ मध्ये एलएमजीटी-३ वर्ग ल माँला पहिल्यांदा धावला तेव्हा तो जिंकलेल्या पोर्शेत असेच तिघे होते. यासर शाहीन हे ब्रॉन्झ चालक, मॉरिस शुरिंग हा अवघ्या एकोणीस वर्षांचा मुलगा आणि रिचर्ड लीट्झ हे कितीतरी वर्षे जीटी गाड्यांत मुरलेले चालक. अशी तीन माणसे एकाच गाडीत, एकाच निकालासाठी पाळीपाळीने बसतात, हे दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेले नाही.

समतोलाच्या नियमांविषयी मात्र माझे मन स्वच्छ नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका वर्गात बरोबरीने धावाव्यात म्हणून आयोजक कुणावर वजन चढवतात, कुणाची शक्ती कमी करतात. जीटी-३ ची सारी इमारत २००६ पासून याच पायावर उभी आहे, आणि तिथे ते मला मान्य आहे, कारण मुळात समोर इंजिन असलेली गाडी आणि मागे इंजिन असलेली गाडी यांना शेजारी उभे करायचे तर काहीतरी तराजू लागणारच. हायपरकारमध्ये आधीच दोन वाटा आहेत. एलएमएचमध्ये कंपनी सगळी गाडी स्वतः घडवते, आणि एलएमडीएचमध्ये दालारा, लिजिए, मल्टीमॅटिक, ओरेका या चौघांपैकी एकाची चौकट घेऊन त्यात सगळ्यांना समान असलेली विजेची प्रणाली बसवते. या दोन्ही वाटांमुळे मोठ्या कंपन्या परतल्या. फेरारी पन्नास वर्षांनी वरच्या वर्गात आली आणि २०२३ मध्ये, शर्यतीच्या शताब्दीला, १९६५ नंतर प्रथमच एकूण विजेती ठरली. हे सारे तराजूमुळे शक्य झाले हे मी जाणते. तरीही सर्वांत वरच्या वर्गात जो अधिक चांगली गाडी घडवतो त्याच्याच गाडीवर वजन चढवायचे, हे मला अजून पचलेले नाही.

माझी एक मावशी वास्कोला असते. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या दामोदराच्या देवळात सप्ताह बसतो. नाव सप्ताह, पण अखंड भजन चोवीस तासांचे. लहानपणी मी तिथे राहायला जाई, आणि पहाटे मावशीचा हात धरून देवळात गेले की मला नेहमी एकच गोष्ट दिसे. संध्याकाळची गर्दी ओसरलेली, बाहेरची फेरी सुस्तावलेली, आणि आत कुठल्यातरी मंडळाची पाचसहा माणसे टाळ धरून गात असलेली. ती संध्याकाळच्या गवयांइतकी तयारीची नसत. पण पुढची पाळी येईपर्यंत भजन त्यांनाच धरून ठेवायचे असे. ल माँला पहाटेच्या तासांत कॅमेरा कधी कधी विसाव्या, पंचविसाव्या क्रमांकावरच्या एखाद्या जीटी गाडीवर रेंगाळतो, बहुधा आघाडीवर काही घडत नसते म्हणून. तेव्हा मला त्या टाळांचा आवाज आठवतो.

२०१२ च्या सप्टेंबरात आमच्याकडच्या खाणी बंद झाल्या आणि टिप्पर जागच्या जागी उभे राहिले. २०१८ मध्ये त्या पुन्हा थांबल्या. रस्ता मोकळा झाला, धूळ बसली, आणि शेजारपाजारच्या कितीतरी घरांतली कमाईही बसली. ज्या टिप्परवाल्यांच्या घाईला आम्ही शिव्या दिल्या होत्या, त्यांच्यातले काहीजण बँकेच्या हप्त्यांपायी गाड्या विकताना बाबांनी पाहिले. ते मला एकदा म्हणाले, की खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा वेगळे असते, हे नोकरीत असताना त्यांना समजत होते, पण तेव्हा ते कुणाला सांगायला सुचले नाही. त्यानंतर ते शर्यत पाहताना जीटीला ओलांडू पाहणाऱ्या हायपरकारवर पूर्वीइतके रागावत नाहीत, असे मी पाहिले आहे.

२०२४ ची शर्यत आमच्या दोघांच्या सर्वांत जवळची. तिकडेही पाऊस, इकडेही पाऊस. रात्री पाऊस इतका वाढला की चार तासांहून अधिक काळ सगळ्या गाड्या सुरक्षा गाडीमागे रांगेने फिरत राहिल्या, वेगवान आणि संथ, सगळ्यांचा एकच वेग. बाबा तेवढा वेळ झोपले. सकाळी पुन्हा झुंज सुरू झाली आणि शेवटच्या दोन तासांच्या आत आघाडीच्या फेरारीचे उजवे दार धावताना उघडू लागले. ते बंद करायला निकलास नीलसेन यांना पिटमध्ये यावे लागले. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. बसचे दार नीट लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम, आणि त्या थांब्याच्या निर्णयाला त्यांनी मोठ्याने ‘बरोबर’ म्हटले. शेवटी ऊर्जा जेमतेम उरलेली असताना त्याच फेरारीने चौदा सेकंदांनी शर्यत जिंकली. ३११ फेऱ्या झाल्या होत्या आणि पहिल्या नऊ गाड्या एकाच फेरीत होत्या.

आई देवासमोर दिवा लावत होती. टीव्हीवर विजेत्यांचा जल्लोष सुरू झाला, लाल टोप्या, झेंडे, धावणारी माणसे. बाबांनी मला आवाज कमी करायला सांगितला आणि फोनवर वेळेचा तक्ता उघडायला लावला. नोकरीच्या काळात रात्रीची शेवटची खेप संपली तरी ते लगेच घरी येत नसत. वाळपईहून येणारी शेवटची बस डेपोत आली, की त्या बसच्या कंडक्टरला स्कूटरवर मागे बसवून मगच निघत, कारण तो आमच्याच वाड्यावर राहत असे आणि त्या वेळी त्याला दुसरे वाहन मिळत नसे. मी तक्त्यातली नावे वाचू लागले. वरून नव्हे, खालून, त्यांनीच तसे सांगितले होते. ज्या गाड्यांच्या ओळी अजून हलत होत्या त्या एकेक करून रेषा ओलांडत होत्या, आणि प्रत्येक ओळ थांबली की बाबा मोजत एकेक बोट दुमडत होते. एक जीटी-३ गाडी अजून यायची होती. आम्ही दोघे तिची वाट पाहत बसलो.